केकावरचा नागोबा

आजच्या तारखेला पूर्वी जगात काय काय घडलं, हे आमच्या गावात रोज सकाळी साडेसातला मी जाहीर करतो. निवृत्त मास्तर आहे, अक्षर वळणदार आहे आणि घरात माझं कुणी ऐकत नाही. त्यामुळे ग्रामपंचायतीसमोरच्या फळ्यावर ‘आजचा दिनविशेष’ लिहिण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. कोण जन्मलं, कोण वारलं, कुठलं यंत्र निघालं, कुठला सण आहे, सगळं मला तोंडपाठ!

फक्त बायकोची जन्मतारीख ठाऊक नव्हती. रेशनकार्डावर एक जून आहे. (शाळेत नाव घालताना अर्ध्या गावाला मीच एक जून चिकटवला, घरच्या माणसाला वेगळी तारीख कुठून आणू?) पण परवा नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ मोबाईलवर बघता बघता मंदा एकदम म्हणाली, "मी नागपंचमीची हाय. आई वारुळाला जाऊन आली अन् तिला कळा सुटल्या. साठ वर्सं झाली, पन वाढदिवस म्हनून कुनी माज्या हातावर साखर बी ठिवली न्हाई."

ते मला फार लागलं. ठरवलं, यंदा नागपंचमीलाच बार उडवायचा. चाळीस माणसांना जेवायला सांगितलं, तेही तिच्या नकळत!

पंचमीला फळा लिहून आलो. मंदा बायकांबरोबर वारुळाला गेली, तसा बबनला फोन केला. बबन माझा जुना विद्यार्थी. मंडप आणि केटरिंग दोन्ही त्याचंच. पहार घेऊन अंगणात आला, पण खड्डा घेईना.

"गुरुजी, आज खनायचं?"

"का रे? जमीन काय गावाला गेलीय?"

"तसं न्हाई, पंचमी हाय..."

"बबन! मी तुला विज्ञान शिकवलं ना?"

"शिकवलं की. मी नापास झाल्तो."

"मग आता पास हो. खण!"

त्यानं खणलं. मग मी भज्या-पुऱ्यांसाठी कढई चढवायला सांगितली. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा विज्ञान काढलं. विळी घेऊन कांदे चिरायला बसला, तेव्हा पहिला कांदा हातात घ्यायच्या आधीच त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, किती हळवा मुलगा!

तेवढ्यात राहात्याहून केक आला. ‘वर काहीतरी नक्षी काढा’ एवढंच मी फोनवर सांगितलं होतं. बेकरीवाल्यानं हिरव्या क्रीमची वेल काढली होती. गोल वेटोळं, टोकाला फुगीर पान आणि पानावर दोन लाल टिपके!

केकाशेजारी ठेवायला आणलेली सुरी हातात धरून मी ते नीट बघतोय तोच फाटकातून बायका आत आल्या. पुढे पूजेचं ताट घेतलेली मंदा, मागे शेजारच्या हौसाबाई आणि आणखी पंधराएक जणी. अंगणात खड्डे, कढईत तापलेलं तेल, विळीवर कांदा आणि मधोमध मी, केकावर सुरी धरून!

"अहो!" मंदा ओरडली. "आज चिरत न्हाईत, तळत न्हाईत, भुई खनत न्हाईत! येक तरी करायचं ऱ्हायलंय का तुमचं?"

"अगं, वाढदिवस... तुझा..."

हौसाबाई चष्मा विसरून आल्या होत्या. त्या केकावर वाकल्या आणि "अगं बया, नागोबा!" म्हणत मी अडवायच्या आत हळदकुंकू, लाह्या आणि वर पळीभर दूध वाहून मोकळ्या झाल्या. मागच्या बायकांनीही हात जोडले. आता सुरी लावायची कुणाची छाती होती?

"बबन, तू तरी आधी सांगायचंस!" मी त्याच्यावर खेकसलो.

"मी सांगतच हुतो. अन् सकाळी तुमीच तर लिवलंय, गुरुजी!"

लिहिलं होतं खरं. फळ्यावर, क्रमांक एक: ‘नागपंचमी. आज चिरणे, तळणे व जमीन खणणे वर्ज्य.’ दरवर्षी वळणदार अक्षरात लिहितो. वाचलं मात्र कधीच नव्हतं!

साठ वर्षांनी आलेला तिचा पहिला वाढदिवस मी एका सकाळीत बुडवला होता. मला रडूच यायचं बाकी होतं. पण मंदानं पदर खोचला. "बबन, कढई उतरव. पातेल्यात पानी ठेव. दिंडं उकडू." बायकांनी आपापल्या घरचं पुरण आणलं, भराभर दिंडं लाटली, आणि चाळीस माणसं पोटभर जेवली.

"अन् केक?" मी हळूच विचारलं.

"कापायचा न्हाई. चमच्यानं खायला कुनाची बंदी हाय?" नागोबाला धक्का न लावता तिनं कडेचा एक घास घेतला. "बरा हाय. हळद जरा जास्त झालीय." आणि ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. हौसाबाईंनी तिच्या तळहातावर साखर ठेवली. मग मात्र तिचं हसू थांबलं आणि पाणी तेवढं राहिलं.

ते पुसून ती माझ्याकडे वळली. "दिनविशेषवाले, आज भांडी घासायला बंदी हाय का हो?"

नव्हती. मी सगळी नियमावली मनातल्या मनात दोनदा तपासली!

दुसऱ्या दिवशी साडेसातला फळ्यापुढे ही गर्दी! माझ्या कालच्या मजकुराखाली मंदाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एक ओळ होती: ‘याच दिवशी गुरुजींनी जन्मात पहिल्यांदा भांडी घासली.’

मी पुसायला डस्टर उचललं. बबननं हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी. इतक्या वर्सांत या फळ्यावर डोळ्यांनी बघितलेलं येवढं येकच हाय."

त्याला मी तिथल्या तिथे पास केलं.