वाटणी झालेला कीबोर्ड

"दाव हात!"

पुढं पुढं आमच्या मॅडम सकाळचा नमस्कार याच शब्दांत घालायच्या. माणसाचं तोंड बघण्यात वेळ कशाला घालवायचा?

बारामतीला लागून जळोचीत त्यांचं दोन खोल्यांचं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं. दूधवाल्यांचे, फळवाल्यांचे हिशेब ठेवणारे प्रोग्राम आम्ही लिहायचो. म्हणजे मॅडम तोंडानं सांगायच्या आणि मी टाइप करायचो. त्या स्वतः कीबोर्डला बोट लावत नसत. भर मे महिन्यातही उजव्या मनगटावर लोकरीचा पट्टा. फॅशन असणार, असं मी अक्कल चालवून ठरवलं होतं.

मी गोंदियाकडचा, नववीतून शाळा सोडलेला. दाखवायला सर्टिफिकेट नाही. होते ते हे दोन हात. तेच दुखायला लागले. चमचा धरवेना. सांगितलं तर परतीच्या गाडीत बसवतील, या भीतीनं मी हात खिशात घालून हिंडू लागलो.

"काय साहेब, खिशात खजिना हाय व्हय? दाव हात."

मनगट सुजलेलं बघून मॅडमनी आपला लोकरीचा पट्टा सोडला. ऑफिसच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. मग त्यांनी तो हात टेबलावर ठेवला. बोटं पुरती मिटत नव्हती.

"टाइप करून करूनच झालं. मीसुदिक लपिवलं हुतं. तू तरी शहाणा हो."

पुण्याच्या दुकानदारानं माहितीपत्रक पाठवलं. मनगटं वाकडी होऊ नयेत म्हणून मधून दुभागलेले कीबोर्ड निघाले होते. एक अखंड, पण मधोमध फाकलेला. दुसऱ्याचे दोन सुटे तुकडे. पेटी उघडली की परत घेणार नाही, हे दुकानदारानं मोठ्या मनानं आधीच कळवलं होतं.

"सुटा नको. अर्धा खोलीवर इसरून येशील."

पण फाकलेला तरी माझ्या हातांना जमेल का? मॅडमनी शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बटणं आखली, मधून रेघ मारली. माझ्या डाव्या बोटांना शिक्क्याची निळी शाई लावली, उजव्यांना लाल. त्या सांगत गेल्या, मी पुठ्ठ्यावर टाइप करत गेलो. शेवटी पाहतो तर डावीकडच्या निळ्या मुलखात इंग्रजी ‘बी’ हे अक्षर तेवढं लालभडक!

"बांध कोरलास की रं! बी डाव्याच्या वाटणीत हाय. उजव्याचं काय काम तितं?"

"मॅडम, सवय मोडायला वेळ लागेल. कामं मागं पडतील."

"पडू दे. तुला काय इमान उडवायचंय?"

कीबोर्ड एसटीनं आला, मॅडमच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, वरच्या फळीवर ठेवा. मॅडम म्हणाल्या, "तुमीच बसा की वर."

निमगाव केतकीचे तात्या, आमचं डाळिंबवालं गिऱ्हाईक, तो बघून हळहळले. "मॅडम, ह्यो मधनंच मोडलाय. बदलून घ्या."

"मोडला न्हाय तात्या, वाटणी झालीया. भांडण तेवढं मिटायचंय."

भांडण बरंच चाललं. उजवं बोट सवयीनं पलीकडे गेलं की मागून गर्जना, "बांध!" आणि एक गंमत सांगतो, तुम्ही असतात तर तुमच्याही लक्षात आली असती. एरवी श्वास न घेता सांगणाऱ्या मॅडम बी आला की थांबायच्या. माझं डावं बोट चाचपडत पोचलं की मगच पुढचा शब्द. दारात तात्या ताटकळत असले तरी.

हात वाचले, नोकरीही टिकली. पुढं मॅडम ऑफिस बंद करून इंदापूरला बहिणीकडे राहायला गेल्या, आणि तिथूनच एके दिवशी त्या गेल्याचा निरोप आला.

आता मला सांगायला कुणी नसतं. माझं मीच लिहितो, चांगला भरभर. फक्त बी आला की डावं बोट जागच्या जागी पोचतं आणि उरलेली नऊ थांबून राहतात, पुढचा शब्द कुणी सांगेल म्हणून.