बाबांसाठी सागवानी बाक

मागच्या खेपेला बाबा आमच्याकडे अमेरिकेत मॉरिसव्हिलला आले, ते सगळा मुक्काम खोलीतच बसून होते. लेकीच्या घरी पाहुण्यासारखं राहायचं, कशाला हात लावायचा नाही, ही त्यांची जुनी खोड. पुण्यात रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसणारा माणूस इथे भिंतीकडे बघत बसायचा. म्हणून मी डेकवर, म्हणजे घरामागच्या उघड्या लाकडी ओट्यावर, ठेवायला सागवानी बाक घेतला. यंदा ते येतील तेव्हा बाहेर बसतील, हक्काने बसतील, एवढंच मला हवं होतं.

आता नवी वस्तू आली की तिला प्लॅस्टिक घालणं आमच्या रक्तातच आहे. माहेरी टीव्हीच्या रिमोटपासून सोफ्यापर्यंत सगळं प्लॅस्टिकात असायचं. थंडी सुरू होण्याआधी मी बाक जाड ताडपत्रीत गुंडाळला, सुतळीने करकचून आवळला आणि स्वतःवरच खूष झाले. मार्चमध्ये सोडून बघते तर आत कोंडलेल्या ओलीने बाक काळाकुट्ट, वर बुरशी. शेजारचे काका कुंपणापलीकडून म्हणाले, "अगं, लाकूड आहे ते. तू तर लोणच्याच्या बरणीसारखा दादरा बांधून ठेवलास." मी हसले नाही.

बाबा यायला तीन आठवडे होते. साबणाच्या पाण्याने बाक घासला, दोन दिवस वाळवला, मग सँडपेपर. हातांना फोड आले. मग सागाला लावायचं तेल आणलं. डब्यावर लिहिलं होतं, पातळ हात द्या आणि उरलेलं पुसून घ्या. पण चांगलं तेल पुसून टाकायचं, हे कुठल्या मराठी बाईला पटेल? मी डोक्याला चोपडतात तसं चोपडलं. ते मुरलंच नाही, चिकट राहिलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात पाइनच्या झाडांचं पोलन, ती पिवळी परागांची धूळ, उडायला लागलं. सकाळी बाक हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक. मुलगी फोनवरून नजर न काढता म्हणाली, "आई, जस्ट बाय अ न्यू वन." तिच्यावर उगाच खेकसले. पुन्हा घासायला घेतला तर तेलाने सँडपेपर गचगचीत व्हायचा, सारखा बदलावा लागायचा. त्या बाकाचा, पोलनचा आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा मला संताप आला होता. तेलाचा शेवटचा हात दिला तो बाबा यायच्या आदल्या दिवशी.

बाबा आले. चहाचा कप घेऊन कोणी न सांगता डेकवर गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ते बसायला वाकले आणि मी आतूनच ओरडले, "बाबा, बसू नका, तेल ओलं आहे." आवाजात तीन आठवड्यांचा राग होता. तो त्यांच्यावर नव्हता, पण हे त्यांना कसं कळणार? ते गुपचूप आत आले आणि कप घेऊन खोलीत गेले.

दोन दिवसांत बाक वाळला. मी हात धरून त्यांना नेलं, बसवलं, चुकले म्हटलं. "अगं, त्यात काय," म्हणाले. आता रोज संध्याकाळी ते बाहेर बसतात. पण त्याआधी माझ्यापाशी येऊन उभे राहतात आणि विचारतात, "आज बसलं तर चालेल ना गं?"