माझ्या वाटची प्रार्थना

आमच्या बुधवारच्या प्रार्थनेत एक वही असते. साधी दोनशे पानी, शाळेतली पोरं वापरतात तसली. ज्याला जे मागायचं ते त्यानं सांगायचं आणि मावशींनी लिहून घ्यायचं. नोकरी, लेकीचं लग्न, गुडघेदुखी. मावशी म्हणजे पिंपरीच्या निवृत्त नर्सबाई, आमच्या सगळ्या गटाच्याच मावशी. दर बुधवारी त्या वही वाचतात आणि आम्ही एकेका विनंतीवर प्रार्थना करतो. मागणं पूर्ण झालं की मागणाऱ्यानं उभं राहून साक्ष द्यायची आणि स्वतःच्या हातानं ती ओळ खोडायची. दुसऱ्या कुणी खोडायची नाही, हा मावशींचा कायदा.

माझी ओळ तशीच राहिली होती. 'मोशीच्या ताईंच्या मिस्टरांना किडनीच्या आजारातून बरं करावं.' हे बरे झाले नाहीत, गेले. साक्ष कसली देणार, डोंबल माझं? मी त्या ओळीला हात लावला नाही आणि मावशी वाचताना ती गुपचूप गाळायच्या. आठ महिने असंच चाललं होतं.

या आठ महिन्यांत मी रडले नाही. मूठभर माती टाकली तेव्हाही नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे हो बाई. खंबीर कसली, बधिर! दात काढताना इंजेक्शन दिलं की ओठ आपला राहत नाही ना, तसं सगळं अंग झालं होतं. पहिल्या शिफ्टची बस पकडायची, चाकणला कंपनीत उभं राहायचं, गाड्यांच्या वायरींना कनेक्टर बसवायचे, घरी यायचं. सुपरवायझर एकदा म्हणाला, ताई, हल्ली तुमच्या हातून एक पीस रिजेक्ट होत नाही. होईल कसा? लक्ष दुसरीकडे जायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

बुधवारी जायचे, कारण नाही गेलं की सात जणांचे फोन यायचे. आम्ही गोल बसतो आणि एकेक जण मोठ्यानं प्रार्थना करतो. माझी पाळी आली की मी शेजारणीचा हात दाबायचे, म्हणजे बाई, तू पुढं चल. साधं आमेनसुद्धा निघत नव्हतं. देवावर राग असता तरी चाललं असतं, चार शब्द सुनावले असते. तेही नाही. शेवटी मनाशी ठरवलं. या बुधवारची प्रार्थना माझ्या घरी आहे, ती उरकायची आणि चहाच्या वेळी सांगून टाकायचं की मी आता येत नाही. उगाच दगडासारखं बसून जागा कशाला अडवायची?

त्या दिवशी संध्याकाळी खालच्या भाभींकडून चार खुर्च्या आणल्या, पोहे केले. मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांनी वही आमच्या गटातल्या तळवड्याच्या कुटुंबातल्या नव्या सुनेकडे पाठवली होती. लग्न होऊन पंधरा दिवसांपूर्वी जालन्याहून आलेली पोरगी. आमच्यात पहिल्यांदाच येत होती. "जय ख्रिस्त, ताई," म्हणाली, भिंतीवरचा ह्यांचा फोटो बघून हसली आणि बसली. आम्ही फोटोला हार घालत नाही. तिला कळणार तरी कसं?

तिनं वही उघडली आणि पहिल्यापासून, एकही ओळ न गाळता वाचायला लागली. माझ्या ओळीशी आली, तीही वाचली. तिनं डोळे मिटले आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "हे देवबापा, ताईंच्या मिस्टरांना पूर्ण बरं कर. त्यांना सुखरूप घरी आण. ताई वाट बघताहेत."

कुणी आमेन म्हटलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं बाई, गेलेत ते!" मी ओरडले. "आठ महिने झाले! कुठून आणतोय तो घरी?" तिच्या हातातली वही हिसकावली आणि भिरकावली. पोरगी म्हणाली, "ताई, मला माहीत नव्हतं हो. मावशींनी फोनवर एवढंच सांगितलं, ताईला प्रार्थना करवत नाही, आज तिच्या वाटची तू कर. मला वाटलं, तुमचं जे लिहिलंय तेच..."

"माझ्या वाटची?"

वही शेवटच्या पानावर उघडी पडली होती. मी उचलली. वर मावशींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मोशीच्या ताईच्या वाटची प्रार्थना.' खाली एकेक बुधवार आणि पुढं कुणाची पाळी ते. चिखलीचे काका. आकुर्डीची बहीण. पुन्हा काका. आठ महिन्यांतला एक बुधवार सुटला नव्हता. मी हात दाबून पुढं ढकलत होते आणि ही माणसं घरी जाऊन माझी पाळी भरून काढत होती. मला पत्ता नाही. सगळ्यात खाली ऑपरेशनच्या आधीच लिहून ठेवलेलं, 'नवी सून.'

पोरीला हुंदका फुटला. "चुकलं माझं, ताई."

मी तिच्या शेजारी बसले. खरं सांगू? आठ महिने माझ्या आत दुसरं काही नव्हतंच. ह्यांना घरी आण, एवढंच होतं. ते मागायचं नसतं हे कळत होतं, म्हणून बाकीचंही काही मागवत नव्हतं. बाकी सगळे माझ्यासाठी शहाण्यासारखं शांती मागत असणार. हे तेवढं तिनंच मागितलं.

"चुकलं नाही गं," मी म्हटलं. "माझ्या वाटची तीच होती."

तिचा हात हातात घेतला. या वेळी दाबला नाही, नुसता धरला. आणि आमेन म्हटलं.