बाईंचा अंगठा येईना!

स्त्रियांच्या हक्कांवर आमच्या अख्ख्या शाळेत माझ्याइतकं मोठ्यानं कोणी बोलत नाही. नववीच्या वर्गात मी तोंड उघडलं की शेजारच्या वर्गातलं गणित आपोआप बंद पडतं.

त्या दिवशी धडा होता स्त्रियांच्या लढ्याचा. शिकण्याचा हक्क, मताचा हक्क, मिळकतीचा हक्क, असं करत करत मी रंगात आले. पदर खोचला. डस्टर टेबलावर आपटलं. "पोरींनो, बापाच्या वावरात लेकीचा लेकाइतकाच हिस्सा असतो! आणि भाऊ काय करतो? हक्कसोडीच्या कागदावर बहिणीची सही घेतो, हातावर एक लुगडं ठेवतो, आणि बाई तेवढ्यावर खूश! असल्या बहिणींची मला कीव येते, कीव!"

टाळ्या पडल्या. त्या भरात मी गृहपाठ दिला: आईला विचारा, तुझा हिस्सा कुठं गेला?

गृहपाठ करण्याची आमच्या शाळेत परंपरा नाही. पण तांड्यावरच्या काजलनं नेमका हाच केला. तिसऱ्या दिवशी तिचा मामा शाळेच्या दारात!

"इतिहासाच्या बाई कोन हाय?"

हेडमास्तरांनी माझ्याकडं बोट दाखवलं आणि त्यांना एकाएकी पाण्याची टाकी तपासायची आठवण झाली.

"बाई, तुम्ही पोरीले काय शिकवून राह्यल्या? माही बहीण चुपचाप सही करत होती. आता पोरगी आपल्या याडीले, म्हंजे आईले म्हनते, करू नको! तिले भडकवून राह्यली थे! आमच्या घरात भांडन काहून लावता?"

"भांडण नाही दादा, इतिहास!" मी गरजले. पुढची दहा मिनिटं मी काय काय बोलले ते मलाच आठवत नाही, पण शेवटी तो नमस्कार करून गेला. शिपायानं न सांगता चहा आणला. (तेवीस वर्षांत पहिल्यांदा!)

त्याच संध्याकाळी नेरहून माझ्या धाकट्या भावाचा, बबनचा, फोन आला.

"ताई, गुरुवारी सुट्टी टाक. बाबाच्या वावराची तुयी हक्कसोड करून टाकू."

(हसू नका. निदान इतक्यात तरी नको.)

"बबन, मी जरा विचार करते."

"विचार कायचा करतं? वावर माह्या नावानं झालं तरी माहेर तुयंच हाय ना!"

मागून भावजयीचा आवाज आला, "ताईले म्हना, येवढ्याश्यासाठी जानंयेनं तुटू नये."

किती गोड बोलली! माझे आई-बाबा दोघंही गेलेले. माहेर म्हणून आता तेवढं एकच दार उरलं होतं, आणि त्याची कडी कोणाच्या हातात आहे ते तिनं साखरेत घोळून सांगितलं.

तीन दिवस मी आरशासमोर तालीम केली. "बबन, मी सही करणार नाही!" एकदा हळू आवाजात, एकदा करारी, एकदा डोळ्यांत पाणी आणून. आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं काढून विचारलं, "शाळेत गॅदरिंग हाय काय?"

गुरुवारी रजिस्ट्री ऑफिसच्या व्हरांड्यात पाय ठेवला, तर समोरच्या बाकावर दोन भावांच्या मधोमध काजलची आई, शेवंताबाई! मी चटकन खांबामागं गेले. (खांब बारीक होता. मी नाही.)

"बाई! तुम्ही माह्यासाठी आल्या?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी एकच शब्द वापरला. "हो."

झालं! त्या बाईच्या अंगात दहा हत्तींचं बळ संचारलं. ताडकन उठून भावांना म्हणाल्या, "पाहा! बाई शाळा सोडून माह्यासाठी आल्या. मी नाई करत सही. काय करता थे करा!"

भाऊ माझ्याकडं खाऊ की गिळू असं बघतायत, तेवढ्यात फाइल नाचवत बबन आला. "ताई, चाल लवकर, नंबर लागला आपला!"

"हे कोन?" शेवंताबाईंनी विचारलं.

"माझा भाऊ."

"वा! भाऊ सोता घेऊन आला हिस्सा द्याले!" त्या आपल्या भावांकडं वळल्या. "पाहा रे, शिका काही!"

आपलं कौतुक कशाबद्दल चाललंय हे बबनला कळलं नाही, पण त्यानं हात जोडून ते स्वीकारलं.

आत गेलो. आरशासमोरचं वाक्य घशापर्यंत आलं. बबननं पाण्याची बाटली पुढं केली आणि मी पाण्याबरोबर वाक्यही गिळलं. सही केली. छान, वळणदार. मग अंगठा.

"बाई, अंगठा येऊन नाही राह्यला," मशीनवरचा कारकून म्हणाला.

परत दाबला. नाही. तिसऱ्यांदा. नाहीच!

"खडूनं रेषा घासल्या तुमच्या. मास्तर लोकायचं असंच होते. आज नाई होत वाटते, मंग कधी या."

सांगा! माझ्या तोंडून जे निघालं नाही ते माझ्या अंगठ्यानं तीनदा ठणकावून सांगितलं होतं. मला फक्त घरी जायचं होतं. पण बबनचं तोंड एवढंसं झालं. ते मला लहानपणापासून बघवत नाही.

"थांबा," मी म्हणाले. हो, मीच! "कपाळावर घासून पाहते. शाळेत हजेरीच्या मशीनला असंच करते."

घासला. दाबला. मशीन टुणकन वाजलं.

"हुशार हा बाई तुम्ही!" कारकून म्हणाला.

बाहेर शेवंताबाई एकट्याच थांबल्या होत्या. भाऊ पाय आपटत निघून गेले होते. शेवंताबाईंची मान ताठ होती.

"तुमच्यापायी वाचली मी, बाई. तुमचं झालं काम?"

"झालं."

"किती एक्कर आलं तुमच्या नावानं?"

मी पदर सावरला, घसा साफ केला आणि वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"ते जाऊ द्या, शेवंताबाई. आधी काजलकडं लक्ष द्या. वेलांट्या फार चुकवते!"