पाहिलेलं सांगण्यापुरतं स्टॉकहोम

२००५च्या ऑक्टोबरात आम्ही अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलहून पाच दिवसांसाठी स्टॉकहोमला गेलो. नवऱ्याच्या कंपनीची तिथे कॉन्फरन्स होती. हॉटेलची खोली मिळतच होती, म्हणून मीही निघाले. चार वर्षांच्या मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. काकू मूळच्या नागपूरच्या, पन्नाशी उलटलेल्या. मुलं कॉलेजला गेल्यामुळे त्यांचं घर रिकामं होतं. मुलीला आम्ही सांगितलं, तू पाच वेळा झोपून उठलीस की आम्ही आलो.

पाच दिवस ठरल्याप्रमाणे गेले. सहाव्या दिवशी सकाळी विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी आमचे पासपोर्ट चाळले, पुन्हा चाळले, आणि अमेरिकेचा व्हिसा कुठे आहे असं विचारलं. नवऱ्याने फाइलमधून अमेरिकेतल्या मुक्कामाच्या एक्स्टेन्शनच्या मंजुरीचा कागद काढला. बाईंनी तो वाचला, आत जाऊन कुणाला तरी फोन केला आणि परत येऊन सांगितलं की या कागदावर अमेरिकेत राहता येतं, अमेरिकेत शिरता येत नाही. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत मार्चमध्येच संपली होती.

त्याच उन्हाळ्यात आम्ही नायगारा कॅनडाच्या बाजूने पाहिला होता आणि हाच कागद दाखवून परत आलो होतो. ही सवलत कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीपुरती असते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. ओळखीतले सगळे कॅनडालाच जात. "पेपर दाखवायचा, दोन मिनिटांत सोडतात," हे मॉरिसव्हिलच्या प्रत्येक पॉटलकच्या जेवणात कोणी ना कोणी सांगे. स्टॉकहोमला गेलेलं कोणीच नव्हतं.

अमेरिकी वकिलातीत दोन दिवसांनंतरची वेळ मिळाली. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने सहा प्रश्न विचारले, पासपोर्ट ठेवून घेतले आणि सांगितलं, आठवडा लागेल, कदाचित जास्त. स्वीडनचा आमचा व्हिसा पंधरा दिवसांचा होता. त्यातले आठ संपले होते.

रोज दुपारी दोन वाजता मी हॉटेलच्या लॉबीतून काकूंना फोन करायचे. तिकडे तेव्हा सकाळचे आठ, मुलीची शाळेला निघायची वेळ. पहिले दोन दिवस ती फोनवर रडली. तिसऱ्या दिवशी रडली नाही. काकूंनी उपाय शोधला होता.

"मी तिला रोज सांगते, आई-बाबांनी आज काय पाहिलं. मस्त ऐकते. काल राजवाड्यातल्या शिपायांचं सांगितलं, तर हॉलभर मार्च करत होती. आज काय पाहिलंत?"

"काही नाही, काकू. खोलीतच होतो."

"असं कसं चालेल? मी काय सांगू तिला? बाहेर पडा बरं, काहीतरी बघून या."

त्यामुळे आम्ही बाहेर पडू लागलो. नवऱ्याकडे गाइडबुक होतं. पहिल्या पाच दिवसांत त्याला सवड मिळाली नव्हती, आता होती. त्याने खुणा केलेली पानं क्रमाने संपवायला घेतली. जुन्या शहरातल्या गल्ल्या, दगडी, इतक्या अरुंद की दोन छत्र्या एकमेकींत अडकत. सिटी हॉलचा विटांचा मनोरा. पाण्यावरून दर थोड्या वेळाने सुटणाऱ्या फेरीबोटी, त्यांतल्या बाकांवर वर्तमानपत्र वाचणारे लोक. पाऊस बारीक आणि सतत. पाचनंतर उजेड संपत येई.

"तू बघतेस तरी का?" एकदा मनोऱ्याच्या जिन्यात त्याने विचारलं.

"बघते की. विटा आहेत."

"यार, खोलीत बसून व्हिसा लवकर येतो का?"

"नाही येत. पण पाय दुखत नाहीत."

तो पायरीवर टेकला. "कॅनडासारखंच इथेही चालेल, असं मीच म्हणालो होतो," तो म्हणाला. "म्हणजे, मी चेक करायला हवं होतं."

"दोघांनी करायला हवं होतं. चल, वर जाऊ. काकूंना उंची सांगावी लागेल."

दहाव्या दिवशी आम्ही बुडालेलं जहाज पाहिलं. पहिल्याच सफरीत, बंदराच्या तोंडाशीच बुडालेलं लाकडी युद्धनौकेचं प्रचंड धूड, तीनशेहून अधिक वर्षांनी वर काढून आता एका इमारतीत उभं केलेलं. आत मंद प्रकाश आणि थंडावा. मी तोफांच्या झडपांवरचे कोरलेले सिंह मोजले, कारण मुलीला सिंह आवडत. नवरा बाकावर डोळे मिटून बसला होता. त्या दिवशी काकूंना सांगण्यासारखं भरपूर होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी फोनवर आली नाही. मागे टीव्हीचा आवाज येत होता. काकूंनी तिला दोनदा हाक मारली, मग हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, कसं सांगू तुला... काल मी तिला जहाजाचं सांगितलं ना. सगळं ऐकून घेतलं. आणि आज सकाळी म्हणते, 'दे आर स्टिल ऑन व्हेकेशन. दे लाइक इट देअर.'"



"माझंच चुकलं बहुतेक," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, तिला बरं वाटेल."

"तुमचं नाही चुकलं. तिला सांगा, आमचे कागद अडकलेत."

"सांगितलं गं. तर म्हणते, कागद तर घरी पण आहेत, ड्रॉवरमध्ये."

त्यानंतर आम्ही काही पाहिलं नाही. गाइडबुकात चार पानं उरली होती. आम्ही हॉटेलच्या लॉबीत बसून राहिलो, वकिलातीचा फोन आला तर डेस्कवरच्या माणसाने लगेच हाक मारावी म्हणून. रोज दोन वाजता मी फोन करत होते. मुलगी आली नाही. काकू तिने काय खाल्लं, किती वेळ झोपली ते सांगत.

फोन चौदाव्या दिवशी सकाळी आला. दुपारी पासपोर्ट हातात पडले, नवे शिक्के कोरे करकरीत. संध्याकाळच्या विमानात जागा नव्हती. पंधराव्या दिवशी, स्वीडनच्या व्हिसाच्या शेवटच्या सकाळी आम्ही निघालो. या वेळी काउंटरवर कोणी काही विचारलं नाही.

मॉरिसव्हिलला पोचलो तेव्हा तिकडे अजून उजेड होता. बॅगा गाडीतच ठेवून आम्ही सरळ काकूंच्या दारात गेलो. काकूंनी दार उघडलं आणि माझा हात धरून आत नेलं. मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वरणभात खात होती. तिने आमच्याकडे पाहिलं, मग वाटीकडे.

"बघ, कोण आलं," काकू म्हणाल्या.

"आय नो," ती म्हणाली.

नवरा तिच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला. "सॉरी, बेटा. आम्हाला यायचं होतं. कागद चुकीचा नेला होता."

"कोणी?"

"आम्ही. आई-बाबांनी."

तिने थोडा विचार केला. "जहाज बघायला गेलात तेव्हा कागद कुठे होता?"

"ऑफिसमध्ये. त्यांनी ठेवून घेतला होता. तो देईपर्यंत आम्हाला विमानात बसू देत नव्हते."

"मग रडलात?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "नाही," मी म्हणाले. "खूप कंटाळलो."

हे उत्तर तिला पुरलं की नाही, कळलं नाही. तिने चमचा उचलला. काकू म्हणाल्या, राहू दे तो भात, आई-बाबांबरोबर घरी जा, मी डब्यात देते. ती म्हणाली, "नाही. मला इथे संपवायचंय." मराठीत म्हणाली. काकूंनी आमच्यासाठी दोन खुर्च्या ओढल्या.

ती एकेक शीत वेचल्यासारखं सावकाश खात होती, आणि प्रत्येक घासानंतर मान वर करून आम्ही बसलो आहोत का ते पाहत होती. आम्ही कोट घालूनच बसून राहिलो.