लुईझियानाचं पीठ

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं मैदा भाजत होतो. कढईत तेल, तेलात मैदा, उलथनं इंदूच्या हातात. मी सारखा गॅस बंद करायला जात होतो. शेवटी तिने हातावर चापट मारली.

"अहो, बसा तिकडे. लाडू नाही करत आहोत."

इंदू माझी बायको. दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम.

मी इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊच्या कारखान्यांच्या वसाहतीत, पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कुक होतो. शिक्षण चौथी. गोष्ट दोन हजार तीन-चार सालातली. कंपनीची दुसरी फॅक्टरी अमेरिकेत, लुईझियाना नावाच्या राज्यात. तिथली माणसं ट्रेनिंगला आली होती. टीना, आमची मॅनेजर, म्हणाली, मंगळवारी त्यांना त्यांच्या घरचं जेवण दे. जमत नसेल तर बाहेरून मागवते. बाहेरून मागवते म्हटल्यावर कुठल्या कुकचं डोकं शांत राहील?

टीनाने रेसिपी आणि नकाशा छापून दिला. बोलण्यापुरतं इंग्रजी येतं, पण वाचणं दुकानाच्या पाट्यांपुरतं. नकाशा इंदूने टेबलावर पसरला. ती रत्नागिरीकडची, खाडीकाठची. नकाशात एक दांडगी नदी खाली येऊन समुद्राशी फुटलेली, जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

"खाडीच आहे की ही," इंदू म्हणाली. "मग भात असणार, कोलंबी असणार, कुर्ल्या असणार."

रेसिपीत सगळं होतं. भेंडीसुद्धा होती. गंबो म्हणजे तिकडचं कालवण, भातावर घेऊन खातात.

आलेल्यांत क्लॉडिन नावाची एक बाई होती, सगळ्यांत वयस्कर. तिचा साहेबसुद्धा तिला 'मिस क्लॉडिन' म्हणायचा, आपण मावशी म्हणतो तसं. तिने सांगितलं, भेंडी तिकडे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आली आणि पीठ भाजायची रीत फ्रेंच लोकांची. आदल्या आठवड्यात मी ट्रायल म्हणून थोडा गंबो करून तिला दिला. तिने वाटी संपवली आणि म्हणाली, "मिस्टर गणपत, सूप छान आहे. पण हा गंबो नाही."

चूक मैद्यात होती. तेलात भाजलेला मैदा हा गंबोचा पाया, त्याला 'रू' म्हणतात. मी बेसनासारखा भाजला, खमंग वास सुटला की उतरवला. आपला हात तसाच तयार झालेला. तिला चॉकलेटचा रंग हवा होता. म्हणाली, आता करपणार असं वाटलं की तिथून पुढे आणखी थोडं.

मला ते धाडस होईना. म्हणून रविवारी इंदूने उलथनं घेतलं. हात न थांबवता ढवळत राहिली आणि रंग आणला. डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला.

सोमवारी सकाळी चहा टाकायला उठली आणि ओट्याशी पडली. हॉस्पिटलमध्ये नेली, दुपारी तिथेच वारली.

मुलगा महेश ईलिंगहून आला. इथे अंत्यसंस्कारालाही तारीख घ्यावी लागते. शुक्रवारची मिळाली. टीनाला फोन केला. ती म्हणाली, येऊ नकोस, मी सँडविच मागवते.

संध्याकाळी बेल वाजली. दारात टीना आणि मिस क्लॉडिन, मिस क्लॉडिनच्या हातात पातेलं. लाल घेवडा आणि भात. तिकडे सोमवार धुण्याचा वार, धुणं होईपर्यंत घेवडा मंद शिजत ठेवायचा, अशी जुनी पद्धत. ती इथेही पाळत होती. सुतक म्हणून टीनाला विचारून मांस घातलं नव्हतं.

"माणूस गेलेल्या घरात आम्ही चूल पेटवू देत नाही," ती म्हणाली.

"आम्हीही नाही," मी म्हटलं.

दोन घास खाल्ले. मग उठून फ्रिजमधला डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने तो दिव्याखाली धरून तिरका केला, वास घेतला.

"हे कोणी केलं?"

"बायकोने."

"तिला शिकवलं कोणी?"

"कोणी नाही. खाडीकाठची होती."

"माझ्या सुनेला अजून जमत नाही," क्लॉडिन म्हणाली.

त्या गेल्यावर महेशला सांगितलं, उद्या कामावर जातो. तो चिडला.

"बाबा, आई आजच गेली. सुतकात कामावर? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. हे तिने मंगळवारसाठी केलंय. शुक्रवारी ते कोण खाणार?"

त्याने डबा उचलून परत फ्रिजमध्ये ठेवला.

सकाळी डबा मांडीवर घेऊन बसने गेलो. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची चिरली. इंदूचा मैदा पातेल्यात घातला, पाणी, भेंडी, शेवटी कोलंबी. सुतकात मी कोलंबी तोंडात घालणार नव्हतो, मग मीठ कोण बघणार? मिस क्लॉडिनला किचनमध्ये बोलावलं. तिने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणखी चिमूटभर मीठ टाकलं.

"हा गंबो आहे," म्हणाली.

फळ्यावर पदार्थाखाली कुकचं नाव लिहायची आमच्याकडे पद्धत होती. मी टीनाला 'इंदू' लिहायला लावलं. पातेलं रिकामं झालं. टीनाची सँडविच तशीच राहिली.

एवढं शिकलो की वास सुटला म्हणून लगेच उतरवायचं नसतं. डबा घासला, पुसला आणि घरी घेऊन आलो.