दादांसोबत बघितलेला साहेबांचा पिक्चर

आई फेसबुकवर नाही, म्हणून हे इथं लिहितोय.

दादांना, माझ्या वडलांना, जाऊन आज वर्ष झालं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मला एकट्याला आत बोलावलं आणि आता घरी न्या म्हणाले. दादा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना काही कळू द्यायचं नाही, असं आईनं बजावलं. अल्सर आहे म्हणून सांगायचं ठरलं.

त्याच आठवड्यात धाराशिवला साहेबांवरचा पिक्चर लागला. आमच्या घरात बुद्धाशेजारी ज्यांचा फोटो आहे, ते साहेब. मी म्हणालो, मोबाईलवर येईल की. दादांना थेटरातच बघायचा होता.

भूमहून एसटीनं गेलो. पोटात कळा येत होत्या, तरी अंगावर इस्त्रीचे पांढरे कपडे.

थेटरच्या दारात आमच्या लोकांच्या चपलांचा हा ढीग.
साहेब समोर येणार, मग पायात चपला कशा ठेवायच्या?
मी बूट काढायचा कंटाळा करत होतो. दादांनी नुसतं बघितलं. काढले.

इंटरव्हलपर्यंत लई खूश होते. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, माझ्या वडलांनी यांना डोळ्यानं बघितलंय.

मग साहेबांचं आजारपण आलं. सुजलेले पाय, हातात पेन, आणि दाराशी डॉक्टर हळू आवाजात घरच्यांशी बोलतायत.

दादा माझ्या कानाशी वाकले.
"साहेबांना ठावं असंल का रं?"

मी म्हणालो, "असंल, दादा."

"असणारच. एवढा शिकलेला माणूस."

बाहेर आलो तर ढिगात दादांच्या चपला नाहीत. मी वैतागलो. ते म्हणाले, असू दे, घाईत आपल्याच कुणीतरी घातल्या असतील. आणि अनवाणीच स्टँडकडं निघाले. मी जवळजवळ ओढत दुकानात नेलं.

दुकानदारानं चामड्याची जोडी पुढं केली. चार-पाच वर्षं बघायला नको म्हणाला.

दादांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि परत ठेवली.
"एवढी कशाला? रबराची दे."

मी रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. डोळे आवरत नव्हते.

एसटीत बसल्यावर म्हणाले,
"तुझ्या आईला कळू दिऊ नगंस. अल्सरच म्हणायचं."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

तिथून पुढं आम्ही तिघं एका घरात अल्सरचं पथ्य पाळत होतो. आई बिनतिखटाची भाजी करायची, दादा चांगली झालीय म्हणून खायचे. मी दोघांच्या मधे बसून जेवायचो.

आज सकाळी वंदना झाली. पाहुणे बसले होते. आई सगळ्यांना सांगत होती, "त्यांना शेवटपर्यंत काय बी कळलं न्हाय. तेवढं एक बरं झालं."

मग माझ्याकडं वळली.
"व्हय का न्हाय रं?"

"व्हय," म्हणालो.

दादा, तुमचा शब्द अजून पाळतोय. लई जड जातंय.

तुम्हाला शेवटचं नाही, रोजचंच वंदन.